धाप, छातीचें चित्र आणि पुढचें भाकीत

मध्यरात्र उलटून गेली आहे. घरांतील आजोबा अंथरुणांत उठून बसले आहेत. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, मान पुढें काढून कसाबसा श्वास घेत आहेत. खिडकी उघडली, पंखा लावला, पाठीवरून हात फिरविला, तरी धाप थांबत नाहीं. शेवटीं गाडी बोलावून त्यांना रुग्णालयांत नेलें जातें. तातडीच्या विभागांतील तरुण डॉक्टर नाकाला प्राणवायूची नळी लावतो, बोटाला चिमटा लावतो आणि छातीचा फोटो काढून आणण्यास सांगतो. बाहेरच्या बांकावर बसलेल्या मंडळींच्या मनांत त्या वेळीं दोन प्रश्न असतात. हें कशानें झालें, हा पहिला. दुसरा लौकर ओठांवर येत नाहीं, पण थोड्या वेळानें सून धीर करून विचारतेच, "डॉक्टर, बाबांना कितपत धोका आहे हो?" छातीचें चित्र पहिल्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां देतें. दुसऱ्याचें उत्तर तें देऊं शकतें काय, आणि देत असल्यास त्यावर किती भिस्त ठेवावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हे दोन प्रश्न निराळे आहेत, हें आपल्याकडील जुन्या वैद्यांना चांगलें ठाऊक होतें. निदान वेगळें आणि साध्यासाध्यविचार वेगळा. चरकसंहितेंत श्वासरोगाचे पांच प्रकार सांगितले आहेत : महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. यांतले पहिले तीन असाध्य. तमक हा याप्य, म्हणजे औषधानें आवरतां येईल पण मुळासकट जाणार नाहीं असा. आणि क्षुद्र तेवढा सुखानें बरा होणारा. म्हणजे रोगी श्वास कसा घेतो हें डोळ्यांनीं पाहून व कानांनीं ऐकून वैद्य त्याचें भवितव्य वर्तवीत असे. त्याच ग्रंथाचें इंद्रियस्थान तर सबंधच्या सबंध अशा भविष्यसूचक लक्षणांना वाहिलेलें आहे. छातीच्या आंत डोकावण्याचें साधन मात्र वैद्यापाशीं कांहींच नव्हतें.

तें साधन युरोपांत टप्प्याटप्प्यानें आलें. ग्राट्स येथील एका सराईवाल्याचा मुलगा लिओपोल्ड आउएनब्रुगर यानें १७६१ सालीं व्हिएन्ना येथें छातीवर बोटांनीं ठोकून परीक्षा करण्याची पद्धति प्रसिद्ध केली. पिंपांत मद्य कोठपर्यंत आहे हें ठोकून ओळखण्याची युक्ति त्याच्या वडिलांच्या धंद्यांतलीच होती. १८१६ सालीं पॅरिसमध्यें लाएनेक यानें कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून ऐकलें आणि तिच्यांतून पुढें स्टेथॉस्कोप निघाला. नंतर ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं व्युर्त्सबुर्ग येथें विल्हेल्म राँटगेन याला क्ष-किरण सांपडले. त्याच वर्षीं नाताळच्या तोंडावर त्यानें आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. स्वतःच्या बोटांचीं हाडें आणि त्यांवरची अंगठी पाहून त्या बाईंना आपला मृत्युच समोर दिसल्यासारखें वाटलें, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल तर क्ष-किरणचित्रावरून केलेलें तें जगांतलें पहिलें भाकीत म्हणावें लागेल. आणि तें चुकलें. बाई त्यानंतर जवळजवळ २४ वर्षें जगल्या व १९१९ सालीं वारल्या.

छातीच्या चित्रांत हवा काळी दिसते. हाड, रक्त व पाणी पांढरें. निरोगी फुप्फुसांत बहुतेक हवाच असल्यामुळें तीं काळसर दिसतात व मध्यें हृदयाची पांढरी छाया पडते. हृदय दुबळें होऊन रक्त पुढें ढकलेनासें झालें कीं मागें फुप्फुसांत तें तुंबूं लागतें. प्रथम वरच्या बाजूच्या शिरा फुगतात. नंतर फुप्फुसाच्या कडेला आडव्या, केसासारख्या बारीक रेघा उमटतात, ज्यांना पीटर कर्ली या क्ष-किरणतज्ज्ञाच्या नांवानें ओळखतात. आणि अखेरीस वटवाघळानें पंख पसरावे तशी पांढरी छाया दोहों बाजूंना पसरते. हृदयाची रुंदी छातीच्या आंतल्या रुंदीच्या निम्म्याहून अधिक भरली तर हृदय वाढलें असें समजतात. न्युमोनियांत फुप्फुसाचा एखादा भाग पांढरा व घट्ट दिसतो. हें सारें वाचणें सरावाचें काम आहे, पण अशक्य नाहीं.

अडचण आहे ती निराळीच. चांगलें चित्र घ्यायचें तर रोग्याला उभें करून, दीर्घ श्वास घ्यायला लावून, पाठीमागून किरण सोडावे लागतात. धापेनें बेजार झालेला मनुष्य उभाही राहूं शकत नाहीं आणि श्वास रोखूनही धरूं शकत नाहीं. मग यंत्र खाटेपाशीं आणून समोरून चित्र घेतात, आणि त्यांत हृदय खऱ्याहून मोठें दिसतें. म्हणजे ज्याला चित्राची गरज सर्वांत अधिक, त्याचेंच चित्र सर्वांत वाईट निघतें!

अमेरिकेंत हृदयदौर्बल्यानें रुग्णालयांत दाखल झालेल्या लोकांची एक मोठी नोंद ठेवण्यांत आली होती. तीतील ८५,३७६ रोग्यांचा हिशेब २००६ सालीं प्रसिद्ध झाला. तातडीच्या विभागांत घेतलेल्या पहिल्या चित्रांत फुप्फुसें तुंबल्याची कोणतीही खूण नाहीं, असे रोगी त्यांत १८.७ टक्के निघाले. पांचांतल्या जवळजवळ एकाचें चित्र स्वच्छ, आणि रोग मात्र पुरता अंगांत! अशा रोग्यांना सुरुवातीस भलत्याच रोगाचें नांव मिळण्याचा संभवही अधिक असल्याचें दिसून आलें. "फोटो चांगला आहे" हें वाक्य बाहेर बांकावर बसलेल्यांना केवढा दिलासा देतें, हें सर्वांच्या अनुभवाचें आहे. पण दम्याच्या अतिशय तीव्र झटक्यांतही फोटो बहुधा चांगलाच असतो, आणि रोगी तेवढ्यानें सुरक्षित ठरत नाहीं.

मग भाकीत कशावरून करावें? १९९७ सालीं मायकेल फाइन व त्यांचे सहकारी यांनीं न्युमोनियाच्या रोग्याचा धोका मोजण्यासाठीं एक गुणपत्रिका प्रसिद्ध केली. ही परीक्षा उलटी आहे. येथें गुण जितके अधिक तितकी स्थिति वाईट. पुरुषाला त्याच्या वयाच्या वर्षांइतके गुण, स्त्रीला त्यांतून १० वजा. मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक श्वास चालत असतील तर २०. भान हरपलें असेल तर २०. वरचा रक्तदाब ९० च्या खालीं गेला असेल तर २०. रक्ताची आम्लता वाढली असेल तर ३०. आणि छातीच्या चित्राला किती? फुप्फुसाभोंवतीं पाणी सांचलेलें दिसलें तर १०, बस्स. न्युमोनिया आहे असें ठरवायला चित्र हवेंच. पण एकदां तें ठरलें कीं रोगी तरेल कीं नाहीं याविषयीं त्याचें वय, त्याचें भान आणि त्याचा श्वास हेच अधिक बोलतात. चित्र अगदींच मुकें आहे असें मात्र नव्हे : फुप्फुसाचे एकाहून अधिक खंड व्यापले असल्यास तें दुखण्याच्या गांभीर्याचें एक लक्षण म्हणून अमेरिकेंतील वैद्यकसंस्थांनीं २००७ सालच्या आपल्या नियमावलींत धरलेलें आहे.

पायाच्या शिरेंत धरलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाच्या रक्तवाहिनींत अडकली तरी एकाएकीं धाप लागते. येथें साध्या चित्राचा उपयोग थोडा. शिरेंतून रंगद्रव्य सोडून सीटी स्कॅन करावें लागतें, व मग गुठळी डोळ्यांना दिसते. कोणालाही वाटेल कीं गुठळी जेवढी मोठी तेवढा धोका मोठा. परंतु डॉक्टर गुठळीपेक्षां हृदयाकडे अधिक निरखून पाहतात. त्याच चित्रांत हृदयाचा उजवा कप्पा डाव्याइतका किंवा त्याहून रुंद झालेला दिसला, तर तो ताणाखालीं आला आहे असें समजून रोग्याला अधिक जपावें लागतें. हें प्रमाण २०१९ सालच्या युरोपीय मार्गदर्शिकेंतही दिलेलें आहे. मोट झेपते कीं नाहीं हें मोटेकडे पाहून नव्हे, तर बैलाकडे पाहून कळतें, तसाच हा प्रकार.

चित्रावरून भाकीत करण्याची सर्वांत मोठी आणि सर्वांत करुण परीक्षा २०२० सालीं झाली. इटलींतील लोंबार्डी प्रांतांत ब्रेशा नांवाचें शहर आहे. मार्च महिन्यांत तेथील रुग्णालयांत करोनानें धापा टाकणारे इतके लोक येऊं लागले कीं कोणाकडे आधीं पाहावें हें कळेना. प्रत्येकाचा सीटी स्कॅन करणें शक्य नव्हतें. खाटेपाशींचा साधा एक्सरे मात्र घेतां येत होता. तेथील आंद्रेआ बोर्गेसी व रोबेर्तो मारोल्दी या दोघां तज्ज्ञांनीं मग एक साधी मोजणी बसविली. दोन्ही फुप्फुसांचे मिळून सहा भाग करावयाचे. प्रत्येक भागाला पांढरेपणाच्या मानानें शून्य ते ३ गुण द्यावयाचे. बेरीज अधिकांत अधिक १८. या गुणसंख्येला त्यांनीं शहराचें जुनें लॅटिन नांव दिलें, ब्रिक्सिया. पहिल्या १०० रोग्यांचा हिशेब झाला तेव्हां असें दिसलें कीं जे वांचले त्यांच्यापेक्षां जे दगावले त्यांचे गुण स्पष्टपणें अधिक होते. शिवाय रोजच्या चित्राचे गुण ओळीनें मांडले म्हणजे रोगी चढणीवर आहे कीं उतरणीवर, हें रात्रपाळीच्या डॉक्टरलाही एका दृष्टिक्षेपांत कळूं लागलें. घाईच्या वेळीं लांबलचक वर्णनापेक्षां एक आंकडा अधिक उपयोगी पडतो, हें येथें दिसलें.

आपल्याकडे आंकडा आला तो दुसरा. उजव्या फुप्फुसाचे तीन खंड व डाव्याचे दोन, असे पांच खंड, सीटी स्कॅनमध्यें प्रत्येक खंड किती व्यापला आहे त्याप्रमाणें शून्य ते ५ गुण, एकूण २५. २०२० व २०२१ सालीं मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गांवापर्यंत या पंचवीसांतल्या गुणांनीं जो धुमाकूळ घातला, तो कोणीही विसरला नसेल. "स्कोअर किती आला?" हा प्रश्न दूरध्वनीवर कुशलप्रश्नाच्या जागीं येऊन बसला. तपासणीचे दर २००० ते ३००० रुपयांच्या आंत बांधून देण्याची पाळी सप्टेंबर २०२० मध्यें महाराष्ट्र सरकारवर आली, यावरून मागणी किती होती याची कल्पना येईल. एका घरांत धाकट्याला ५ आले म्हणून पेढे वांटावयाचे तेवढे राहिले, आणि थोरल्याला १४ आले म्हणून रडारड सुरू झाली. पुढें थोरला चालत घरीं आला, अशा हकीकती त्या दिवसांत थोड्या ऐकूं आल्या नाहींत. उलट घडल्याच्याही ऐकूं आल्या.

असें कां व्हावें? आंकडा खोटा होता म्हणून नव्हे. हजारों रोगी एकत्र घेतले तर अधिक गुणांचे लोक अधिक संख्येनें दगावले, हें खरेंच आहे. पण त्या गुणांना तारीख असते. चीनमधील पहिल्या अभ्यासांपैकीं एकांत, २०२० सालींच, असें आढळलें होतें कीं बऱ्या होणाऱ्या लोकांतही फुप्फुसांतील व्याप लक्षणें सुरू झाल्यापासून सुमारें दहाव्या दिवसापर्यंत वाढत जातो व मग ओसरतो. तेव्हां चौथ्या दिवसाचे ८ हे बाराव्या दिवसाच्या १२ हून अधिक भयंकर असूं शकतात. नदीचें पाणी किती फूट आहे एवढेंच सांगून भागत नाहीं. तें चढतें आहे कीं उतरतें आहे, हें विचारावें लागतें. त्यांतच वय, मधुमेह, रक्तांतील प्राणवायु हीं सर्व सोडून एकटा आंकडा हातीं धरला म्हणजे फसगत ठरलेली. मे २०२१ मध्यें दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे तेव्हांचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनीं सौम्य दुखण्यांत उगाच सीटी स्कॅन करून घेऊं नये असें जाहीर सांगितलें. किरणांच्या मात्रेची त्यांनीं केलेली तुलना क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेला मान्य झाली नाहीं. परंतु साध्या एक्सरेपेक्षां सीटी स्कॅनमधली मात्रा कित्येक पटींनीं अधिक असते, याविषयीं मतभेद नाहीं. सौम्य रोग्याला बोटाच्या चिमट्यावरचा आंकडा त्याहून अधिक सांगत होता, आणि तो घरींच पाहतां येत होता.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आणखी एक साधन पुढें आलें आहे, आणि त्याची कथा मनोरंजक आहे. पोटांतील मूल पाहण्याची सोनोग्राफी सर्वांना माहीत आहे. तिच्यांत कानाला ऐकूं न येणारा ध्वनि शरीरांत सोडतात व त्याच्या प्रतिध्वनीवरून चित्र उमटतें. हवा हा ध्वनि परतवून लावते. म्हणून हवेनें भरलेल्या फुप्फुसांत तिचा उपयोग नाहीं, असेंच पुष्कळ काळ धरून चालले होते. फ्रान्समधील डॉ. दानियेल लिश्तनश्टाइन यांनीं हा दोषच कामाला लावला. कोरड्या फुप्फुसावर यंत्र धरलें तर पडद्यावर नुसत्या आडव्या रेघा दिसतात. पण फुप्फुसाच्या भिंतींत पाणी झिरपूं लागलें कीं वरून खालपर्यंत उभ्या, तेजस्वी रेघा लोंबूं लागतात, धूमकेतूच्या शेपटासारख्या, आणि श्वासाबरोबर त्या हालतात. हें त्यांनीं १९९७ सालीं मांडलें. २००८ सालीं त्यांनीं अतिदक्षता विभागांत धाप लागून आलेल्या २६० रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत केवळ या तपासणीच्या आधारें ९०.५ टक्के रोग्यांचें निदान बरोबर ठरलें होतें. पुढें इटलींतील सात तातडीच्या विभागांत १,००५ रोग्यांवर हीच गोष्ट ताडून पाहिली. तें २०१५ सालीं छापून आलें. ज्यांची धाप खरोखर हृदयामुळें होती, अशा शंभरांपैकीं एकट्या एक्सरेनें सुमारें ७० ओळखले, डॉक्टरच्या नेहमींच्या तपासणीनें ८५, आणि तपासणी व सोनोग्राफी मिळून ९७. यंत्र लहान, किरणांचा धोका नाहीं, आणि रोग्याला खाटेवरून हलवावें लागत नाहीं.

आतां भाकिताचा प्रश्न. त्याच २०१५ सालीं पिसा येथील डॉ. लूना गार्गानी व त्यांचे सहकारी यांनीं हृदयदौर्बल्यानें दाखल झालेल्या १०० रोग्यांच्या फुप्फुसांवरील या उभ्या रेघा, त्यांना घरीं सोडण्यापूर्वीं मोजल्या. एकूण रेघा १५ हून अधिक उरल्या होत्या ते लोक पुढल्या सहा महिन्यांत पुन्हां रुग्णालयांत येण्याचा संभव पुष्कळ अधिक होता. घरीं जाणाऱ्या रोग्याची धाप थांबलेली असते, चेहरा हंसरा असतो, सुनेनें कपडे पिशवींत भरलेले असतात. आणि फुप्फुसांत पाणी मात्र उरलेलें असतें! येथें चित्रानें जें सांगितलें तें डोळ्यांना व कानांना सांगतां आलें नसतें.

मग रेघा मोजून औषध दिलें तर रोगी अधिक लौकर सुधारतील, असें वाटणें साहजिक आहे. अमेरिकेंत १३० रोग्यांवर तसा प्रयोग झाला व २०२१ सालीं त्याचा निकाल आला. अर्ध्यांना रेघा मोजून उपचार, अर्ध्यांना नेहमींच्या पद्धतीनें. सहा तासांनंतर दोन्ही गटांतल्या रेघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाहीं, आणि ३० दिवसांच्या अखेरचा हिशेबही सारखाच राहिला. पाऊस येणार हें आधीं कळणें आणि छप्पर शाकारलेलें असणें, या दोन गोष्टी एकच नव्हेत. प्रयोग लहान होता हेंही येथें सांगितलें पाहिजे.

गणकयंत्राला हजारों चित्रें दाखवून त्याच्याकडून भाकीत करविण्याचे प्रयत्नही जोरांत चालले आहेत. त्यांतली २०१८ सालची एक गोष्ट शिक्षकांना विशेष आवडेल. न्यूयॉर्कच्या संशोधकांना असें आढळलें कीं, एका रुग्णालयाच्या चित्रांवर तरबेज झालेलें यंत्र परक्या रुग्णालयाच्या चित्रांवर बहुधा कमी पडतें. आणि चित्र कोणत्या रुग्णालयांतलें आहे हें मात्र तें जवळजवळ बिनचूक ओळखतें. म्हणजे हुशार पण आळशी विद्यार्थ्याप्रमाणें त्यानें विषय थोडा आणि परीक्षक फार अभ्यासला होता. चित्र खाटेपाशीं घेतलें आहे एवढें ओळखलें तरी रोगी अत्यवस्थ आहे असा तर्क करतां येतो. फुप्फुसाकडे पाहण्याची गरजच काय?

मात्र एक काम असें आहे कीं तें यंत्राचें नाहीं, डॉक्टरचें नाहीं, घरच्या मंडळींचें आहे. रात्रीं दोन वाजतां हातीं आलेल्या चित्राला भूतकाळ नसतो. हृदय मोठें दिसतें आहे तें कालपासून कीं दहा वर्षांपासून? तळाशीं डाग आहे तो नवा न्युमोनिया कीं तरुणपणीं होऊन गेलेल्या क्षयाचा वण? मागच्या वर्षींचें चित्र शेजारीं ठेवलें तर याचा उलगडा अर्ध्या मिनिटांत होतो. म्हणून जुनीं चित्रें रद्दींत न टाकतां, घडी न पाडतां, मोठ्या पाकिटांत घालून वर तारीख लिहून ठेवावीं; चकती मिळाली असेल तर तीही त्यांतच असावी. हृदय किंवा दमा यांचें दुखणें असलेल्या माणसाचें पाकीट कपाटाच्या कोणत्या कप्प्यांत आहे हें घरांतल्या निदान दोघांना ठाऊक असावें, आणि त्यांत एका चिठ्ठीवर चालू औषधांचीं नांवें, रोगी रात्रीं किती उशा घेऊन निजतो तें, आणि बरा असतांना बोटाच्या चिमट्यावर किती आंकडा दिसतो तो लिहिलेला असावा. गाडी दारांत उभी राहिली म्हणजे प्राणवायूच्या नळकांड्याबरोबर तें पाकीटही आंत ठेवावें.